हरवलेली गाय आणि मंगेशचं बीपी

किस्से जमवायला मी कधी कुठे गेलो नाही. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला हायवेला लागून आमचं भाजीचं पत्र्याचं शेड आहे. सकाळी तिथे वांगी, भेंडी, पालक गोळा होतो, क्रेट भरतात आणि पिकअप बाजाराला निघते. मी काट्याजवळ वही घेऊन बसतो. ही सवय वीस-बावीस वर्षांची. पाऊस किती झाला, फवारणी कोणती केली, कोणाकडे कोण पाहुणा आला, सगळं लिहितो. मध्यंतरी मला बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, घरी मोजत जा. म्हणून मशीन घेतलं आणि ते माझ्या पिशवीत राहू लागलं. तेवढं निमित्त पुरलं. तेव्हापासून वहीत पाऊस कमी आणि शेडमधली पोरं जास्त आहेत. वाचणाऱ्याला हसू येतं म्हणतात. लिहिताना मला फारसं आलं नाही.

*

पहिल्या दिवशी सगळ्यांनी हौसेनं हात पुढे केले, जत्रेत वजन करून घेतात तसे. मंगेशचा नंबर शेवटी आला. वय एकतीस, तीन एकर भाजी, दोन क्रेट एका वेळी उचलणारा गडी. मशीननं दाखवलं १६८ वर ११२.

"मशीन खराब हाय तुमचं, काका."

मी स्वतःला लावून पाहिलं. मी गोळी घेतलेली होती, माझं १२८ वर ८२ आलं. मशीन चांगलं होतं.

"मंग हात बदलून पाहा. डाव्या हातानं म्या आज कामच नाई केलं."

डाव्या हातात १६६.

"सेल गेले असन."

स्वतः समोरच्या दुकानात गेला, नवे सेल आणले, स्वतःच्या हातानं घातले. १७२ आलं.

तो समाधानानं माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाहा. नवे सेल जास्त पावर देऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी पिकअप गेल्यावर तो एकटाच मागे राहिला.

"काका, कालचं वहीत लिवलं काय?"

"लिवलं."

"खोडून टाका."

मी म्हटलं, वहीतलं मी खोडत नाही. तो पालथ्या क्रेटवर बसला. "माय पोरी पाहून राह्यली माह्यासाठी. चार जागी नाई म्हनलं लोकायनं. आता पोरगा गोळ्या खाते असं समजलं, तं पोरीवाले चहालेबी थांबनार नाईत."

त्याचे वडील रामदास माझे दोस्त. मळ्यात पाणी देता देता लकव्यानं पडले आणि महिन्याभरात गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. बीपी कधी मोजलं नव्हतं, कारण कधी काही दुखलं नव्हतं. तो महिनाभर त्यांची कूस बदलून देणारा हा मंगेशच. त्यामुळे मी त्याला वडिलांची आठवण दिली नाही. ती देण्याची गरज नव्हती.

त्या क्रेटसमोर मी मनात एक ठरवलं, की या पोराला गोळी सुरू करून द्यायची. आणि तोंडानं एक वचन दिलं, की हे कोणाला सांगणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत केल्या, तिथेच चुकलं.

*

वचन पाळायचं म्हणून मी वहीत पोरांची नावं बंद केली आणि भाज्यांची नावं लिहू लागलो. मंगेश म्हणजे वांगं. गोलू म्हणजे दोडका. मंगेशसारखाच भाजी पिकवणारा शुभम म्हणजे भेंडी.

गोलू आमचा पिकअपचा ड्रायव्हर. एकदा मी हात धुवायला गेलो असताना त्यानं वही उघडली. "दोडका, आज खर्रा सात" एवढं वाचून त्यानं स्वतःला ओळखलं, कारण शेडमध्ये दिवसाला तंबाखू-सुपारीचे सात खर्रे खाणारा दुसरा कोणी नव्हता. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, आजाराचं लिहिलं म्हणून वाईट वाटलं असेल तर माफ कर.

"आजाराचं काई नाई काका. पन शुभमले भेंडी अन् मले दोडका, हे काऊन?"

वांगं कोण, हे मात्र त्याला कळलं नाही. वांगं म्हणजे काकाच असणार, असं त्यानं ठरवलं आणि शेडमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. त्या दिवसापासून पोरं मला जड उचलू देत नाहीत.

*

या गोलूचाच दुसरा किस्सा. दवाखान्यात एक साधी तपासणी सांगतात. स्वतःची तीन बोटं उभी धरायची आणि तोंडात जातात का पाहायचं. खर्रा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आवळत जातं, म्हणून. मी हे सगळ्यांना करायला लावलं. शुभमची तीन गेली. माझी गेली. गोलूची दोन गेली आणि तिथेच अडली.

मी त्याला सांगितलं की हे चांगलं लक्षण नाही, उद्याच दाखवून ये. हे पुढे कुठे जाऊ शकतं, तेही स्पष्ट सांगितलं. गोलूनं दोन बोटं पुन्हा घालून पाहिली, पुन्हा काढली.

"काका," तो म्हणाला, "पोरगी पाहाले गेल्यावर पोह्याले किती तोंड लागते?"

*

एका वर्षी फवारणीचे किट फुकट मिळाले. कोट, मास्क, हातमोजे, चष्मा. मी प्रत्येकाची सही घेऊन वाटले. पंधरा दिवसांनी पाहिलं तर कोट पावसात मोटरसायकलवर दिसत होते, चष्मे लग्नात दिसत होते आणि हातमोजे घालून शुभमची आई मिरच्या तोडत होती. निदान ते तरी कामाला लागले. पोरं मात्र नाकाला रुमालही न बांधता फवारत होती.

पूर्ण किट घालून शेतात उभा असलेला मी एकच पाहिला. जवळ गेलो तर ते शुभमचं बुजगावणं.

*

मंगेशला डॉक्टरकडे न्यायला मला तीन महिने लागले. गावात नको, आर्वीला नको, कोणी पाहील. शेवटी वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. सकाळची एसटी धरली. तो माझ्यापासून दोन सीट सोडून बसला.

बीपी-शुगरच्या रांगेत पोचलो तर आमच्या भागातली पाच पोरं आधीच उभी. ओळखीची, पंचवीस ते पस्तीस वयाची.

"तू कसा काय रे?" एकानं मंगेशला विचारलं.

"काकाले घेऊन आलो. तू?"

"मामा हाय ना सोबत. त्याचं दाखवाचं हाय."

तिसरा सासऱ्यासाठी आला होता, चौथा त्याच्या साहेबांसाठी. पाचवा म्हणाला, मी सहज आलो. त्या रांगेत पेशंट एकही नव्हता. सगळे कोणाला तरी घेऊन आले होते. आतून नर्सबाईंनी मंगेशचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं मला कोपरानं पुढे ढकललं.

डॉक्टर भले होते. तीनदा मोजलं, रक्त-लघवी तपासली आणि समजावून सांगितलं. रोज एक गोळी, चुकवायची नाही. मीठ कमी, खर्रा बंद, रोज अर्धा तास चालणं. परत येताना एसटीत त्यानं गोळ्यांची पाकिटं माझ्या पिशवीत टाकली. घरी ठेवली तर माय पाहीन म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी शेडमध्ये येऊन तो माझ्यासमोर एक गोळी घेऊ लागला. मी पाण्याचा गडू तयार ठेवायचो. अकराव्या दिवशी १३८ वर ८८ आलं. तो आकडा मी वहीत दोनदा लिहिला आहे.

*

चालण्याचं मात्र अवघड झालं. आमच्याकडे सकाळी रस्त्यानं रिकाम्या हातानं चालणारा माणूस म्हणजे आजारी माणूस. शेताकडे जाणाऱ्याच्या हातात विळा असतो, डबा असतो, निदान काठी असते. मंगेश पहिल्या दिवशी नुसता चालला तर दोघांनी विचारलं, "सुगर निघाली काय रे?"

दुसऱ्या दिवसापासून तो हातात दावं घेऊन चालू लागला. कोणी विचारलं तर सांगायचा, मामाची गाय आणली होती, सुटली, पाहून राह्यलो. कोणाला संशय आला नाही. अर्धा तास जायचा, अर्धा तास यायचा.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं गाईचा रंग विचारला. मंगेश म्हणाला, तांबडी. चौथ्या दिवशी दोघं जण त्याच्यासोबत शोधायला निघाले, कारण एकट्यानं गाय सापडत नाही. ते मळ्यांत शिरून पाहू लागले, त्यामुळे मंगेशला धड चालताही येईना. पाचव्या दिवशी गाय व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, शिंगांच्या वर्णनासकट. शिंगांचं वर्णन कोणी दिलं, हे मंगेशलाही माहीत नाही.

सातव्या दिवशी शेजारच्या गावची दोन पोरं घामाघूम होऊन शेडवर आली. सोबत तांबडी गाय.

"लय दूर गेलती दादा. घे तुही गाय."

मंगेशची माय तिथेच पालक निवडत होती. तिनं गाईकडे पाहिलं, मंगेशकडे पाहिलं.

"मामापाशी तं म्हशी हायेत," ती म्हणाली.

संध्याकाळी गाईचा खरा मालक भांडायला आला, ते वेगळंच. चालणं बंद झालं.

*

त्यानंतर महिन्याभरात समुद्रपूरकडचं एक स्थळ आलं. पोरगी बारावी शिकलेली, घरची शेती. फोटो पाहून दोन्हीकडे पसंती झाली. मंगेशनं त्याच दिवशी गोळी बंद केली. मी गडू पुढे केला तर म्हणाला, "पाहनं होऊ द्या काका. एखाद्यानं पाहिलं तं सगळं बिघडन." पंधरा दिवस गोळी नाही. मी मोजायला गेलो की हात मागे घ्यायचा.

एक दिवस सकाळी पिकअप गेल्यावर पोरीचे वडील स्वतःच शेडवर आले. मंगेश मळ्यात होता. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"भाऊ, लोक म्हनतेत तुमी सगळं लिवून ठेवता. म्हनून तुमालेच विचारतो. पोरगा कसा हाय?"

मी म्हटलं, कष्टाळू आहे, दारू नाही, मायला सांभाळतो.

"अन् तब्येत?"

मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत वेळ मिळेल म्हणून. खोटं बोललो असतो तर वचन राहिलं असतं. पण रामदास गेल्यावर त्याच्या बायकोनं काढलेली वर्षं मी शेजारी राहून पाहिली आहेत. या माणसाच्या पोरीवर तीच वेळ माझ्या तोंडानं आणायची, हे मला जमेना. चहा आला. मी सांगून टाकलं. बीपी आहे. वाढलेलं आहे. पण रोज गोळी घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो. पोरीनं फक्त रोज गोळी हातात द्यावी.

ते हसले.

"बीपीचं काय घेऊन बसले भाऊ. माह्या मोठ्या जावयाले बीपी हाय, सुगर हाय, दोनदा भरती केलं त्याले. पन नोकरीवर हाय."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना बिस्किटाचा पुडा फोडून दिला. त्यांनी एक बिस्किट घेतलं. क्रेटकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं.

"हा भाजीच करते ना? दुसरं काई नाई?"

"भाजीच. तीन एकर."

"फोनवर मले वाटलं भाजीचा धंदा हाय, होलसेल." त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "तुमी खरं सांगितलं, उपकार झाले. पन पोरीले शेतीत नाई द्याचं."

दुपारी मंगेश आला. मी त्याला सगळं सांगितलं. वचन मोडल्याचंही सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो क्रेटवर बसून राहिला.

"बीपीले नाई म्हनलाच नाई तो?"

"नाही."

"हसला?"

"हो."

मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, गडू भरला आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "मंग्या, आता लपवाचं काय राह्यलं? घे."

"त्याले चालते काका. सगळ्यायले थोडीच चालन. दिवाळीनंतर एक स्थळ हाय म्हनते मामा."

त्यानं पाकीट हातात घेतलं. मला वाटलं, फोडतो. त्यानं ते उलटं केलं, उजेडात धरलं आणि मागची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचली. मग पाकीट माझ्या पिशवीत परत ठेवून वरची चेन ओढली.

"एक्सपायरी पुढच्या साली हाय," तो म्हणाला. "लय टाइम हाय, काका."