दोघांपुरतं मटण

लग्नानंतर वर्षभरानं मी वेळापूरहून सोलापूरला रेल्वेच्या चाळीत राहायला आले. आमचे मालक इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. दोन खोल्या, मागं अंगण आणि बोलायला कुणी नाही. माहेरी पंगतीला सात-आठ जणं असायची. इथं भाकरी थापताना मी स्वतःशीच बोलायला लागले होते. मालक गाडीवर वाडी जंक्शनपर्यंत जात, तिथंच मुक्काम करत आणि परतीची गाडी मिळेल तेव्हा येत. कधी एका दिवसानं, कधी तीन.

थंडीतल्या एका रविवारी त्यांनी सकाळीच मटण आणलं. रस्सा उकळत होता तोवर शेडमधला शिपाई बोलवायला आला. दुसरा फायरमन आजारी पडला होता. मालकांनी दोन भाकऱ्या अन् चटणी फडक्यात बांधून घेतली आणि निघाले. त्यांच्याआधी मटणाला हात लावायचा माझा जीव होईना. मीही चटणीशीच भाकरी खाल्ली आणि रस्सा तेवढा संध्याकाळी, सकाळी उकळून ठेवला. सोमवारी दुपार कलली तरी ते आले नाहीत, तेव्हा मला एकदम सगळ्याचा राग आला. पातेलं उचलून मी मागच्या उकिरड्याकडं निघाले.

शेजारी गोव्याकडच्या एक ख्रिस्ती बाई राहायच्या, माझ्या आईपेक्षा वयानं मोठ्या. त्यांचा नवरा ड्रायव्हर. तोवर एकमेकींकडं बघून हसण्यापलीकडं आमची ओळख गेली नव्हती. काय टाकतेस, म्हणून त्यांनी विचारलं. पातेल्याचा वास घेतला, चांगलंय म्हणाल्या आणि ते घेऊन सरळ आपल्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग.

त्यांनी हाडांवरचं मांस सोडवून बारीक केलं. त्यांच्याकडं गाजर-मटारची कालची भाजी होती, ती त्यात घातली आणि रस्सा आटवला. मला बटाटे कुस्करायला बसवलं. पितळी डब्यात खाली मांस, वर बटाट्याचा जाड थर, त्यावर फेटलेलं अंडं. रॉकेलच्या डब्याची भट्टी होती त्यांची. आत डबा ठेवून खाली-वर निखारे पसरले. बटाट्याला तांबूस पापुद्रा धरला तसा सगळ्या खोलीत वास भरला.

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. आमच्या गावात ख्रिस्ती माणसाच्या हातचं कुणी खात नसे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. आग्रह न करता त्यांनी ताट पुढं ठेवलं. मी खाल्लं. वरचं खमंग, आतलं मऊ, आणि मसाला माझाच. तीन घास झाल्यावर मला रडू आलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बाय, तीस वर्षं मी दोघांचं रांधते. तेच परत गरम केलं की कोण आलं नाही तेच डोळ्यापुढे येतं. हे भट्टीतून नवीन निघतं. आपल्यासाठी केल्यासारखं."

त्यानंतर दीडेक वर्ष आम्ही कितीतरी सोमवार असे जेवलो. मी त्यांना मावशी म्हणू लागले. मग त्यांचा नवरा निवृत्त झाला आणि दोघं गोव्याला गेली. स्टेशनवर गर्दीत धड बोलणंही झालं नाही. परत येऊन मी त्यांच्या बंद दाराकडं पाठ करून बसले.

महिन्याभरानं मी पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून तसलीच भट्टी करून घेतली. पहिल्यांदा बटाटा जळला. दुसऱ्यांदा साधला. ताट घेणार तोच मालक अचानक दारात उभे राहिले, कोळशानं काळे झालेले. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि डब्यात डोकावून म्हणाले, "हे कुणासाठी केलंयस?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. मावशींकडं शिकले, त्यांच्या घरी जेवत होते, तेही सांगून टाकलं. आता ते चिडणार, या धास्तीनं मी उभी होते.

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "लई दिस एकटीच जेवत असशील की," म्हणाले. "आदी तू वाढून घे."

मी वाढून घेतलं. त्यांच्यापुढंही ताट ठेवलं. दोन-चार घास खाऊन, भिंतीला टेकून ते बसल्या बसल्याच झोपी गेले. त्यांची झोप मोडू नये म्हणून भांड्याचा आवाज न करता मी जेवत राहिले.