खिशातले दहा दिवस

चंद्रभान साटोणे कधी बसलेला दिसला, तर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या लोकांना वाटतं, याला ताप आला असावा. एरवी माणूस उभाच. चहा उभ्याने, फोन उभ्याने. घरी जेवायला बसला तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. मूळचा आंजीचा, शेतकऱ्याचा मुलगा. मिस्त्री म्हणून वर्ध्यात आला आणि गेली तेवीस वर्षं लोकांची घरं बांधून देतो. त्याच्यापेक्षा देखणी घरं बांधणारे खूप आहेत. पण चंद्रभानने दिलेली तारीख चुकत नाही, आणि या धंद्यात ही गोष्ट पांढरा कावळा दिसण्याइतकी दुर्मीळ आहे.

तारीख तो हवेतून काढत नाही. पाया खणायच्या आधी पंधरा दिवस त्याची वही चालू असते. गावाकडून मजुरीला येणाऱ्या रेजा बायांना विचारतो, हरभरा कधी सोंगणार? गवंड्यांना विचारतो, कोणाच्या घरी लग्न आहे? हरभरा कापणीला आला की साइटवर एकही बाई फिरकत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको. मग कोणतं काम कोणत्या कामासाठी अडतं, ते बाण काढून जोडतो. लाइटाच्या नळ्या टाकल्याशिवाय स्लॅब नाही, स्लॅबखालचे टेकू निघाल्याशिवाय आतलं प्लास्टर नाही. एक माणूस उशिरा आला की चार जण रिकामे बसतात, आणि बसल्याची मजुरी शेवटी ज्याचं घर त्याच्याच डोक्यावर येते. सगळी बेरीज झाली की तो गुपचूप त्यात दहा दिवस मिळवतो आणि मग तारीख सांगतो. हे दहा दिवस त्याच्या खिशातले. बायकोलासुद्धा सांगितलेले नाहीत.

म्हणजे असं त्याला वाटायचं. एकाच वस्तीत तेवीस वर्षं घरं बांधल्यावर झाकली मूठ किती दिवस झाकली राहणार?

या वर्षी त्याने लीलाबाईंच्या घराचं काम घेतलं. लीलाबाई अंगणवाडी सेविका, एकट्या, अकरा वर्षांपासून भाड्याच्या दोन खोल्यांत. घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी खोल्या हव्या होत्या. "तीस एप्रिलले मले निंगाच लागते," त्या म्हणाल्या होत्या. चंद्रभानने वही मांडली. हिशेब वीस एप्रिलवर येत होता. खिशातले दहा मिळवून तो ठामपणे म्हणाला, "तीसले चावी तुमच्या हातात."

दहा मार्चला स्लॅब टाकायचा होता. सेंट्रिंगवाल्या डोमाजीने स्लॅबच्या साच्याच्या लोखंडी प्लेटा आधी पवनारच्या कामाला नेल्या. त्या परत आल्या तर लाइटवाला रजत चुलतभावाच्या लग्नाला गेलेला. चंद्रभानच्या दिवसभर फेऱ्या चालू. पवनारला गाडी, तिथून रजतच्या घरी, परत साइटवर. स्लॅब टाकला गेला अठ्ठावीसला. खिशातले दहा दिवस संपून वर आणखी आठ गेले होते.

"लग्नाचं आधी काऊन नाई सांगितलं?" त्याने रजतला विचारलं.

"काकाजी, तुमच्या तारखेत दहा दिवस जास्तीचे राह्यतेच ना," रजत अगदी साधेपणाने म्हणाला. "साऱ्यायले मालूम आहे."

चंद्रभानला भर बाजारात धोतर सुटल्यासारखं झालं. त्याच दहा दिवसांच्या भरवशावर डोमाजी निवांत होता, रजत निवांत होता, विटेवालाही निवांत होता. एकाच ताटात सगळ्यांनी हात घातला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच जेवतोय.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. तराई करणारी बाई असूनही स्वतः स्लॅबवर पाणी मारायचा. दुपारी जेवण टाकून यायचा, टेकूंमधून फिरायचा, वर बघायचा आणि बाहेर पडायचा. बायको अनुसया म्हणाली, "तुमच्या पाह्यल्यानं स्लॅब लवकर पक्का होते काय?"

तेराव्या दिवशी डोमाजी आला. त्याला प्लेटा दुसरीकडे हव्या होत्या. "ऊन पाहा कसं तपून राह्यलं. स्लॅब खणखणीत वाळला जी. उद्या टेकू काढून टाकू. तुमचे आठ दिवस निंगून येतीन."

नेमके आठ. तीस तारीख पुन्हा हातात येत होती. चंद्रभानच्या ओठांवर 'काढ' आलं होतं. पण हॉल सोळा फुटांचा होता, आणि स्लॅब उन्हाने वाळत नसतो, तो पाण्यात मुरत पक्का होतो. त्याला एकवीस दिवस द्यायचे, हा त्याचा स्वतःचा नियम. याच हॉलमध्ये लीलाबाई खाट टाकणार होत्या. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"अठराले काढजो," तो म्हणाला. "त्याच्या आधी एका टेकूले हात लावजो नोको."

संध्याकाळी तो लीलाबाईंच्या खोलीवर गेला. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. "लीलाबाई, तीसले नाई होत. आठ मेले चावी भेटन." तेवीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होतं, आणि शरमेने त्याचे कान तापले होते.

लीलाबाईंनी परात पोत्यात सारली. "जमते मंग. घरमालकाले खोल्या दहा मेले पायजे."

"तुमी तर तीस एप्रिल म्हणलं होतं."

"म्हणलं होतं."

आता मात्र चंद्रभानचा पारा चढला. "काऊन खोटं सांगितलं? तुमच्या तारखेपायी मी आज टेकू काढाले निंगालो होतो. तुमच्याच डोक्यावरचे."

लीलाबाईंचे हात थांबले. "खरी तारीख सांगितली तर तुमी ठीक शेवटच्या दिवशीच चावी देसान, असं वाटलं मले. थोडे दिवस हातचे ठेवले." मग हळूच म्हणाल्या, "तुमी तरी कोणाले खरी सांगितली होती, भाऊ?"

इतकी घरं उभी केली, पण एकाही माणसाला चंद्रभानने वहीतली खरी तारीख दाखवली नव्हती. राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी दुसरंच काही दुखायला लागलं.

"आठ मेले चावी," तो शेवटी म्हणाला. "ही खरी तारीख आहे, लीलाबाई. माझ्याजवळ आता एकबी दिवस नाई."

"बरं," लीलाबाई म्हणाल्या. "माझ्याजवळ दोन आहेत."