पंचफुलाची उलट्या हाताची रोटी

शामलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पंचफुलाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. उद्या लग्नाच्या रोट्या टाकायला मोठ्या मटक्यावर ती उभी राहणार होती. तिच्या हाताखाली बाया असणार होत्या. आजवर तीच कुणाच्या तरी हाताखाली असायची.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. शहराच्या कडेला वाडी गावात, गोदामांच्या मागे हमालांची वस्ती होती. पंचफुलाचा नवरा देवराव तिथेच पाठीवर बोरे, म्हणजे पोती, वाहायचा. वस्तीत कुणाचंही लग्न असो, लांब रोट्या तुळसाबाईच्या हातच्या, आणि पंचफुला तिच्या हाताखाली. पण म्हातारीचे हात आता थरथरायला लागले होते, आणि हे लग्न तिच्याच नातीचं, शामलाचं होतं. तिने मांडवात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मटक्यावर माही पंचफुला राहीन."

तुळसाबाईच्या मुलाला, लहानूला, ते पटलं नाही. "पाहुण्यांसमोर नाक कापलं जाईन, माय. इंदोऱ्याच्या सिंधूताईले सांगू."

"सांग. पन ते पंगतीत बसन."

एवढ्यावर थांबलं. उद्या पंचफुलाचं चुकलं तर मटका सिंधूताईकडे जाणार, आणि एकदा गेलेला मटका परत येत नाही, हे पंचफुलाला कुणी सांगायची गरज नव्हती.

लांब रोटीला अंगमेहनत लागते. कणीक सैल भिजवायची आणि खांदे भरून येईपर्यंत परातीत आपटायची. ती बोटांना चिकटेनाशी झाली की अर्धं काम झालं. मग गोळा डाव्या मनगटावर घ्यायचा, उजव्यावर झेलायचा, पुन्हा डाव्यावर. रोटी कोपरापर्यंत लांबते, पलीकडचा जाळ दिसेल इतकी पातळ होते. मग चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर एका झोक्यात टाकायची. झोक्यात हात कचरला की ती फाटलीच.

तुळसाबाईचा एक नियम होता. मटक्यापाशी नंग्या हाताने यायचं. बांगडी नाही, दोरा नाही.

दुपारी कासारीण आली. बायांनी हिरव्या बांगड्या भरल्या. पंचफुलानेही भरल्या, घट्ट, हातभर. आणि त्याच भरात ती नवा मटका पाहायला गेली. चूल पेटलेलीच होती. एकच रोटी टाकून पाहू, म्हणून तिने गोळा उचलला.

झोका बरोबर होता. पण रोटीची कड बांगड्यांत अडकली आणि रोटीबरोबर हातही मटक्यावर गेला. डाव्या मनगटाची आतली बाजू चर्रकन भाजली.

शेजारची कौसल्या धावत आली. "तूप लाव वं. नाईतं शाई. मी दवात आनतो."

"कायीच नको आनू," तुळसाबाई म्हणाली. "पानी. हापशीवर घे तिले."

देवरावने हापशी मारायला घेतली. तुळसाबाईने पंचफुलाचा हात धारेखाली धरला आणि सोडला नाही. घागर भरायला आलेल्या बाया ताटकळल्या.

"मावशी, झालं आता," पंचफुला म्हणाली.

"तुले झालं वाटते. आतली आग निंगाली नाई अजून. देवराव, मार गा."

मनगट फुगू लागलं. बांगड्या निघेनात. तुळसाबाई म्हणाली, "ह्या वाढवा लागन."

कौसल्या मागे सरली. "लग्नाच्या तोंडावर? सवाशिनीच्या हातच्या? नवरा समोर उभा हाये तिचा!"

"हाव, उभा हावो," देवराव हापशी मारता मारता म्हणाला. "मले काही होऊन नाई राहिलं. वाढवा मावशी. हात सुजून काच रुतली तं मंग हिचं रडनं मलेच आयकावं लागन."

तुळसाबाईने भाजलेल्या जागेवर ओलं फडकं धरलं, बांगड्या वर सरकवल्या आणि एकेक जपून फोडली.

संध्याकाळी फोड टरारला. कौसल्या बाभळीचा काटा घेऊन हजर. "टोचला का पानी निंगून जाते, मोकळं वाटते."

"ठेव तो काटा," तुळसाबाई म्हणाली. "ते पानी नाई, झाकन हाये. फोडलं का खालचं कच्चं मास उघडं पडन. उद्या मीठ, राख, घाम, समदं त्याच्यात." तिने जुन्या धोतराची पट्टी उकळून वाळवून ठेवली होती. ती फोडावर सैलसर बांधली.

लहानू दारात येऊन उभा राहिला. "मंग सिंधूताईलेच मटक्यावर..."

तुळसाबाईने पंचफुलाकडे पाहिलं. "बोल वं."

"उजव्या मनगटावर घेतली तं?" पंचफुला म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. इतकी वर्षं हात डाव्याने सुरुवात करत आले होते.

चूल विझवली. थंड मटक्यावर देवरावचा ओला पंचा रोटीसारखा टाकून पाहायचं ठरलं. पहिल्यांदा पंचा पडला देवरावच्या डोक्यावर.

"नवऱ्याची रोटी करतं का?" कौसल्या म्हणाली. साऱ्या बाया हसल्या.

दुसऱ्यांदा चुलीत पडला. दर वेळी तो मटक्याच्या अलीकडेच पडायचा. देवराव खाली बसून तिच्याकडे बघत होता. हाताकडे नव्हे, पायांकडे.

"बोरा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्याचा असला तं मी आधी पाय बदलतो," तो म्हणाला. "तुह्ये पाय जुन्याच जागी हायेत."

तिने उजवा पाय मागे नेला. वजन बदललं. झोका कमरेतून आला आणि पंचा मटक्यावर पसरला, एकही सुरकुती नाही.

"फिरून," तुळसाबाई म्हणाली.

ती टाकत राहिली. खांदे दुखत होते आणि तिला थांबायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लग्नाची वंदना आटोपली, रस्सा उकळायला लागला. पंचफुला दोन्ही हात नंगे करून उभी राहिली. डाव्यावर तेवढी पट्टी. सिंधूताई पंगत सोडून चुलीजवळ येऊन बसली होती.

पहिली रोटी फाटली. लहानूने सिंधूताईकडे पाहिलं. सिंधूताई उठली नाही.

पंचफुलाने पाय बघितले. उजवा मागे. गोळा उजव्यावर, डाव्या तळव्यावर झेल, पट्टीला न लागता परत उजव्यावर. रोटी लांबली, जाळ पलीकडून दिसला, आणि झोका. मटका झाकला गेला. रोटीला फुगे आले, ती सुटली, उतरली. दुसरी तयार. तिसरी. पंगतीतून हाक आली, "रोटी येऊ द्या!" आणि रोटी येत राहिली. घामाने डोळे चुरचुरत होते, आणि तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"कोनत्या गावची पद्धत वं हे?" सिंधूताईने विचारलं.

"वाडीची."

सिंधूताईने पदर खोचला आणि उतरलेल्या रोट्यांच्या घड्या घालायला बसली. लहानू लाकडं आणायला गेला.

फोडातलं पाणी पुढे आपसूक जिरलं, कातडी सुटली, खाली नवी गुलाबी निघाली. पंचफुला डाव्या हातावर परत गेली नाही. मटका तिच्याकडेच राहिला. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी आता इंदोऱ्यापासून प्रताप नगरपर्यंत लग्नांत रोट्या टाकतात. चुलीपाशी आल्या की आधी बांगड्या उतरवतात, मग उजवा पाय मागे नेतात. काहून, असं विचारलं तर म्हणतात, रोटी अशीच टाकतात.