अक्रोड फोडणाऱ्या दोघींना मिळालेले चार तारे

...तर ते वर्तमानपत्र सोलांजबाईंनी कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलं, इथवर आपण आलो होतो. आता का अंथरलं, ते ऐका.

पॅरिसच्या एका दिग्दर्शिकेनं मागं एका हिवाळ्यात आमच्या गावात मुक्काम ठोकला होता. सोलांज आणि तिची मैत्रीण युगेत, दोघी विधवा, हिवाळाभर समोरासमोर बसून अक्रोड फोडतात. दिग्दर्शिका रोज त्यांच्या टेबलाशी येऊन बसायची. पुढं तिनं त्यावरच सिनेमा काढला. एक नटी अक्रोड फोडते, दुसरी गर अख्खा काढते, तासन्‌तास कुणी बोलत नाही, आणि शेवटी जेवताना दोघी, आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे, थाळीच्या तळाशी उरलेल्या गरम सूपमध्ये लाल वाइन ओतून थाळी तोंडाला लावतात. झाला सिनेमा. गावाच्या सभागृहात दाखवला तेव्हा दोघी पहिल्या रांगेत खुदुखुदु हसत होत्या.

मग परीक्षणं आली. एकानं झोप लागली असं लिहिलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या पाद्रीबाबांनाही लागली होती. राग आला तो स्तुतीचा. मोठ्या पेपरातल्या समीक्षकानं चार तारे देऊन लिहिलं होतं, की या दोघींना एकमेकींचा केव्हाच कंटाळा आलाय, त्या नुसत्या सवयीनं बसल्यात. सूपमध्ये वाइन ओततात तेव्हा जणू उरलेलं आयुष्यच संपवून टाकतात. मेलेल्या मैत्रीचं इतकं देखणं चित्र त्यानं आजवर पाहिलं नव्हतं म्हणे.

"चार तारे, सोलांजबाई," बेकरीवाला फेर्नां पाव गुंडाळत म्हणाला. "देशभर नाव झालं की."

"तुझ्या पावाला कुणी देखणं मढं म्हटलं, तर दुकानावर पाटी लावशील?"

त्या दिवसापासून युगेत यायची बंद झाली. सोलांजनं एकटीनं पोतं उघडलं आणि रागाच्या भरात अक्रोड असे ठेचले, की सगळा चुरा तेलाच्या घाण्यालाच द्यावा लागला. शेवटी हातातली अक्रोड फोडायची लाकडी मोगरी तशीच घेऊन ती युगेतच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सभागृहात हसत होतीस ना? मग आता काय झालं?"

"शिकलेला माणूस आहे गं तो," युगेत चुलीकडे बघत म्हणाली. "उगीच कशाला लिहील? मला गप्प बसायला आवडतं म्हणून मी बसते. तू कशाला बसतेस, हे मी कधी विचारलंच नाही. खरं सांग, माझा कंटाळा आलाय तुला?"

इतक्या वर्षांत जे दोघींच्या मनातही आलं नव्हतं, ते कुण्या परक्यानं युगेतच्या तोंडी घातलं होतं. सोलांजचे कान लाल झाले. मोगरी टेबलावर आपटून ती म्हणाली,

"येतो की. तुझ्या खोकल्याचा येतो, त्या लाडावलेल्या मांजराचा येतो, गर काढताना नाकातल्या नाकात गुणगुणतेस त्याचा तर रोज येतो. म्हणून काय उठून जाऊ? त्या शहाण्याला म्हणावं, एक हिवाळा कुणासमोर गप्प बसून दाखव, मग लिही. आता ऊठ, शाल घे. तुझ्यापायी माझं अख्खं पोतं वाया गेलंय."