झरीच्या थांब्यावरचे इंजिन

१९८३ सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी, माझ्या दाजींचा दुधाचा ट्रक झरीच्या थांब्यावर बंद पडला आणि पाऊण तास चालू झाला नाही. परभणीच्या शीतकरण केंद्रात तो पोहोचला तेव्हा सोळा कॅनपैकी सहा कॅनमधले दूध नासले होते. त्या आठवड्यातली ही दुसरी वेळ.

केंद्राच्या कारकुनाने विचारले, "रस्ता अडवला होता का?"

नामांतराच्या आंदोलनात त्या काळी रस्ते अधूनमधून बंद होत. तसे कारण लिहिले की गाडीवाल्याला दोष लागत नसे.

दाजी म्हणाले, "रस्ता मोकळा होता. गाडी बंद होती."

कारकुनाने तसे लिहून घेतले. तिसऱ्यांदा दूध नासले तर ही फेरी दुसऱ्या गाडीला जाईल, असे त्याने सांगितले. दाजींच्या ट्रकला दुसरे काम नव्हते.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि परभणीत बहिणीकडे राहत होतो. पुढच्या बऱ्याचशा गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत.

ट्रक लष्कराच्या लिलावात घेतलेला, पेट्रोलवर चालणारा. त्याच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक मार्चमध्ये फुटला. डिझेल इंजिन बसवायचे तर गिअरबॉक्सही बदलावा लागणार होता, कागदपत्रेही. ते जमण्यासारखे नव्हते. त्याच जातीचे दुसरे पेट्रोल इंजिन मिळाले, पण त्याचा कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल आणि हवा सिलिंडरपर्यंत नेणारा बिडाचा नळ, आधीच कोणीतरी काढून नेले होते.

दाजींची गाडी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना घरातले सगळे चाचा म्हणत. त्यांनी भंगारातून दोन जोड आणून गोणपाटावर मांडले. पहिला जोड लष्करी गाडीचाच. कार्ब्युरेटर मोठा, आणि मॅनिफोल्ड धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळाला चिकटून बसणारा. थंड मुलखात पेट्रोल गोठल्यासारखे होऊ नये म्हणून त्याला खालून धुराची ऊब देण्याची सोय होती. दुसरा जोड एका जुन्या पेट्रोल बसचा. कार्ब्युरेटर लहान, मॅनिफोल्ड धुराच्या नळापासून चार बोटे दूर. त्याची भोके मात्र इंजिनाच्या भोकांशी जुळत नव्हती. मध्ये एक पट्टी करून घ्यावी लागणार होती.

"असली माल समोर हाय, मग जोडाजोडी कशाला?" दाजी म्हणाले. "अन् ह्या पिटुकल्यावर भरली गाडी चढ चढंल का, चाचा?"

"चढेल. खोकत खोकत चढेल," मिस्त्री म्हणाले. "पण तू म्हणतो ते बरोबर आहे बेटा. असली तो असली."

पहिला जोड बसला. गाडी पास करण्याची मिस्त्रींची एक ठरलेली रीत होती: इंजिन एकदा सुरू केले की पूर्णा गावापर्यंत जायचे आणि परत येईपर्यंत बंद करायचे नाही. ट्रक पूर्णेला जाऊन आला. आवाज एकसारखा होता, चढावर जोर होता. सकाळच्या फेऱ्याही सुरळीत झाल्या. बिघाड संध्याकाळच्याच फेरीत होऊ लागला. दाजींनी इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओले फडके बांधून पाहिले, थांब्यावर इंजिन चालू ठेवून पाहिले. ते तसेही बंद पडे.

त्याच मंगळवारी रात्री मिस्त्री घरी आले. पूर्णेच्या फेरीत काहीच कसे दिसले नाही, हे त्यांना कळत नव्हते.

बहीण चहा देता देता म्हणाली, "चाचा, पूर्णेच्या वाटंवर कुठं थांबला का तुमी?"

"नाही. थांबायचं नसतंच."

"मग ते वऱ्हाडाच्या गाडीचं झालं, निघाली की थेट मांडवात. आमची गाडी नऊ गावं थांबायलीय. दर गावाला धा-पंधरा मिन्टं."

दाजी म्हणाले, "हिलाच बसवा आता गॅरेजात."

"बसते की. चाचांपेक्षा लवकर गिऱ्हाईक सोडीन."

मिस्त्री हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "उद्या दुपारी रिकामे कॅन घेऊन जाऊ. प्रत्येक गावाला थांबू."

बुधवारी भर दुपारी आम्ही तिघे निघालो. पहिल्या दोन गावांत ट्रक चालू झाला. तिसरा थांबा झरी. बारा मिनिटे थांबून दाजींनी स्टार्टर दाबला. इंजिन नुसते फिरत राहिले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरला कान लावला आणि मला बोलावले. आत पेट्रोल उकळत असल्याचा बुडबुडा ऐकू येत होता.

"चलती गाडीला हवा लागते, नवीन पेट्रोल येत राहते," मिस्त्री म्हणाले. "थांबली की हा चुलीवर बसतो. मी चुलीवर बसवला, बेटा. तू असली म्हणालास, पण हात माझे होते."

"अन् ते पिटुकलं बसवलं तर चढावर काय करायचं?" दाजींनी विचारले.

"खोकू दे."

इंजिन थंड व्हायला तास गेला, तेव्हा ट्रक निघाला. त्या संध्याकाळचे दूध दाजींनी ओळखीच्या जीपमधून पोहोचते केले. मिस्त्रींनी लेथवरून पट्टी करून आणली, बसचा मॅनिफोल्ड बसवला आणि त्याच्या व लहान कार्ब्युरेटरच्या मध्ये उष्णता पुढे जाऊ न देणारी बेकेलाइटची जाड चकती घातली.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री दाजींच्या शेजारी बसले. मी मागे कॅनांजवळ होतो. नऊही गावांत दाजींनी इंजिन बंद केले. झरीला चौदा मिनिटे लागली, कारण एका शेतकऱ्याची म्हैस उशिरा पान्हावली होती. स्टार्टर दुसऱ्यांदा दाबल्यावर इंजिन चालू झाले. पुढच्या चढावर ट्रक पहिल्या गिअरमध्ये आला. मागून आलेली एक बैलगाडी बराच वेळ आमच्या बरोबरीने चालली आणि गाडीवानाने विचारले, "ढकलू का?"

सात वाजून दहा मिनिटांनी ट्रक केंद्राच्या फाटकातून आत गेला. सतरा कॅन उतरवले. कारकुनाने प्रत्येक कॅनमधले दूध तपासले. सतराही घेतले.