सासऱ्यांचं तस्त

आक्का गेल्याचं तिच्या मुलाने फोनवर सांगितलं, तमिळमध्ये. माझ्याशी मराठी बोलणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. माझ्या वाटचं माझी ही थोरली बहीणच बोलायची.

दर रविवारी आम्ही दोघी तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्या फिरायचो. वीणा घडवायचे त्या ओसरीवर आता मोबाईलची कव्हरं टांगलेली, पुढे सेल्फीसाठी भिंतीवर रंगवलेले मोराचे पंख, आणि त्यांच्याखाली उघडं गटार. "शी! नाकाला पदर लाव गे," आक्का मोठ्याने म्हणायची. इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून ती एकेका दुकानाला बिनधास्त शिव्या घालायची आणि मी पदराआड हसायचे.

तिच्या सासरचं घर विकलं गेलं, तिथे आता हॉटेल आहे. शेवटच्या रविवारी ती हट्टाने आत शिरली. शेजारच्या टेबलावर एक जोडपं पितळेच्या रुंद काठाच्या भांड्यातून खीर वाढून घेत होतं. आक्का तिथेच थबकली. "अगं, हे मामंजींचं तस्त! काठाला पोचा बघ. पानाची पिंक, कफ, सगळं यात थुंकायचे. लग्न होऊन आल्यापासून मीच घासलंय, उलटी दाबत..."

जोडपं पुण्याचं निघालं. बाईने तोंडातला घास रुमालात काढला. मालक धावत आला. आक्काने त्यालाही तमिळमध्ये सगळं सांगितलं.

"आजी, जुनं पितळ आहे. चिंचेने लख्ख केलंय. लोकांना आवडतं," तो तमिळमध्ये म्हणाला.

"निदान जेवणातून काढ रे," आक्का म्हणाली.

तो हसला. आक्काच्या तोंडात विडा होता. तिने तस्त पुढे ओढलं आणि पचकन त्यात थुंकली. "घे. याचं काम हे."

वाटेत मात्र ती हसली नाही. म्हणाली, "घासायची किळस गेली होती गे कधीच. हे चाटतात, आणि ते कुणी घासलं ते कुणाला ठाऊक नाही... त्याची येते."

परवा एकटीच गेले. त्याच तस्तात पुन्हा खीर. सांगायचं म्हणून आत शिरले, मालक "वांगो अम्मा", या बाई, म्हणाला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. बाहेर आले. कोपऱ्यावरच्या बाईकडून विडा घेतला, आयुष्यातला पहिला. कडू लागला, चुन्याने जीभ भाजली. तोंड भरेपर्यंत चावला आणि परत आत गेले. थुंकायला काही बोलावं लागत नाही.