फोटोवाला एकच तास

माझ्या जावयांइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे पोटापाण्याला ते वायरमन. विजेला ते भीत नाहीत. पण कुठे एखादी ट्यूब लुकलुकताना दिसली की गडी पांढराफटक पडतो. ओळखीचं घर असो नसो, दार वाजवणार, स्टूल मागणार, स्टार्टर बदलणार आणि चहालाही न थांबता बाहेर. एकदा बँकेत तर मॅनेजरच्या टेबलावर चढले. मॅनेजर खुर्चीतच. मी शेजारच्या रांगेत सरकलो आणि हा गृहस्थ कोण बुवा, असा चेहरा करून उभा राहिलो. लोक म्हणतात, काय परोपकारी माणूस! परोपकार कसला, भीती ती.

माझी नात, म्हणजे त्यांची लेक, शाळेत होती तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडायला लागली होती. गावभर दुरुस्त्या करत फिरणाऱ्या माणसाचं स्वतःच्या घरातलं काम आज करू, उद्या करू असं राहिलेलं. त्या ट्यूबखाली पोरगी गणितं सोडवत बसली होती. पेन्सिल पडल्याचा आवाज आला म्हणून जावई आत गेले, तर पोरगी जमिनीवर, अंग आखडलेलं, डोळे वर. डॉक्टरांनी सांगितलं, फिट आहे, रोज गोळी घ्या, झोप चुकवू नका आणि लुकलुकत्या उजेडापासून जपा. गोळी लागू पडली. पुढे कित्येक वर्षांत काही झालं नाही. आता ती पाळणाघरात काम करते आणि डझनभर पोरं अंगाखांद्यावर खेळवते. मी म्हणतो, नातीची फिट गेली, जावयांची राहिली.

तिचं लग्न ठरलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. नातीनं त्याला ओळख झाल्याबरोबर फिटचं सांगून टाकलं होतं. पण त्याला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या आत्यानं, आणि आत्याबाईंना मात्र काही माहीत नव्हतं. सावकाश सांगू, असं दोघा पोरांचं चाललेलं. तो सावकाशपणा जावयांना सोसेना. ऐन लग्नात, फोटोंच्या लखलखाटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोरगी कोसळली तर? आत्याबाई म्हणाल्या, फसवलंत आम्हाला, तर?

अशात फोटोवाला ठरवायचा दिवस आला. लग्न छोटंच, सह्या करायच्या आणि घरची माणसं जेवणार. फोटोवाल्याच्या दुकानात जावई, आत्याबाई आणि मी. फोटोवाला गोल चेहऱ्याचा, बोलका. त्यानं विचारलं, किती वेळ यायचं? दिवसभर, असं आत्याबाई म्हणेपर्यंत जावई बोलून बसले, एक तास. तो हसायला लागला. म्हणाला, "काका, एका तासात माझ्या बॅगेची चेनच उघडते."

जावई जागचे हलेनात. कारण काय सांगणार? तोंडाला येईल ते सांगितलं, म्हणाले, हात जरा आखडता आहे. तिथेच घात झाला. आत्याबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, लेकीच्या लग्नात कसला आखडता हात? दिवसभराचं मी बघते. आणि व्हिडिओही घ्या, तो मोठा दिवा लावून."

मोठा दिवा म्हटल्यावर जावयांनी दुकानाच्या काउंटरला धरलं. मला वाटलं, आता हेच पडतात.

त्यानंतर त्यांचं अन्नावरून मन उडालं. घास हातात घेऊन भिंतीकडे बघत बसायचे. माझी लेक म्हणाली, बाबा, तुम्ही तरी यांना काही सांगा. मी त्यांना माझ्या मास्तरांची गोष्ट सांगितली, ज्यांना बेडकाची इतकी भीती की पावसाळाभर ते खुर्चीवर मांडी घालून शिकवायचे. एरवी या गोष्टीला हमखास हसतात. तेव्हा मला म्हणाले, "मामा, बेडूक निदान दिसतो तरी."

मी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

शेवटी नातीनंच त्यांना पकडलं. दिवसभराचा फोटोवाला ठरला हे तिला कळलं होतं, आणि बापाचा चेहराही दिसत होता. बाबा, तुम्ही एक तासच का म्हणालात, असं तिनं सरळ विचारलं. त्यांनी पहिल्यांदा ट्यूबची गोष्ट काढली, मग दिव्याची, मग आत्याबाईंची. ती ऐकत राहिली. नंतर चप्पल घातली आणि म्हणाली, चला. आम्ही दोघे म्हातारे तिच्या मागून. वाटेत जावयांनी दोनदा सुचवलं की आज नको, आत्याबाई दमल्या असतील.

आत्याबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नातीनं बसूनही घेतलं नाही.

"आत्या, मला लहानपणी फिट यायची. रोज गोळी घेते. बरीच वर्षं आली नाही, पण पुन्हा येणारच नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही. त्याला माहीत आहे. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

आत्याबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. जावई दाराच्या चौकटीला टेकले होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"त्या गधड्यानं मला सांगितलं नाही," असं म्हणून त्या खाली बसल्या. मग त्यांनी विचारलं, तो दिवा लावला तर येईल का? नात म्हणाली, एखाददुसऱ्या फ्लॅशनं सहसा काही होत नाही, लागोपाठ लखलखाट नको. हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा जावयांसारखाच झाला. म्हणाल्या, "मग फोटोवालाच नको."

झालं! एक भित्रा होता, त्याचे दोन झाले. फोटोवाला नको यावर दोघांचं लगेच एकमत. नात म्हणाली, मला माझ्या लग्नाचे फोटो हवेत, आणि आम्हा सगळ्यांना घेऊन दुकानात गेली.

फोटोवाल्यानं या वेळी विनोद केला नाही. त्यानं विचारलं, हॉलला खिडक्या कुठल्या बाजूला आहेत? मग जावयांना म्हणाला, काका, एक तास बोलावलंत तर मी घाईत असणार. घाईत मी उजेडाची वाट बघत नाही, फ्लॅशवर फ्लॅश मारतो. तुम्ही मागत होता तेच सगळ्यात वाईट होतं. "मला सकाळपासून द्या. मी खिडकीपाशी थांबेन, ऊन येईल तसं तिला बसवेन. फ्लॅश आणि तो मोठा दिवा घरीच ठेवून येतो."

ज्या तासाला जावई जीव मुठीत धरून चिकटले होते, त्यानंच घात केला असता. दिवसभर, असं ते म्हणाले खरे, पण आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

लग्नाच्या दिवशी फोटो खिडकीपाशी निघाले. एका दाराशी जावई, दुसऱ्या दाराशी आत्याबाई. कोणी मोबाईल वर केला की आत्याबाई हजर. माझा स्वतःचा मोबाईल त्यांनी काढून घेतला, आणि त्यात फ्लॅशच नाही हे सांगूनही दिला नाही. सह्या करताना नातीचा हात मध्येच थांबला. जावई खुर्ची उलटवून धावले, पलीकडून आत्याबाई धावल्या. नात शिंकली. पाहुणे हसले. त्या दोघांना हसू आलं नाही.

निघायची वेळ झाली. नात गाडीत बसली. जावयांनी आत्याबाईंना भिंतीपाशी बोलावलं. मला वाटलं, आभार मानतील, हात जोडतील. पण ते हलक्या आवाजात सांगायला लागले. फिट आलीच, तर धरून दाबायचं नाही. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. थांबेपर्यंत जवळ बसायचं आणि लवकर थांबली नाही तर डॉक्टर.

आत्याबाईंनी सगळं परत म्हणून दाखवलं. पाण्याचं राहिलं, ते जावयांनी पुन्हा सांगितलं.

"आणि रात्री जाग आली की एकदा डोकावून बघता का हो तुम्ही?" आत्याबाईंनी विचारलं.

"रोज," जावई म्हणाले.

आत्याबाईंनी मान हलवली, पदर खोचला आणि गाडीत नातीच्या शेजारी जाऊन बसल्या. नवरा मुलगा निमूटपणे पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.